बाहुलीचा लाल घागरा

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी महाले गुरुजींचं नाव घेईन. तापीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात सातवीपर्यंतची शाळा होती, तिचे ते हेडमास्तर. मी बी.ए. झाले ती त्यांच्या एका सहीमुळे. त्या सहीसाठी त्यांना काय सोसावं लागलं, ते मला फार उशिरा कळलं. हे लिहायला बसताना आधी त्यांना नमस्कार करते. पुढचं वाचून त्यांना वाईट वाटेल, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

दुपारची वेळ. पाटलांच्या मागच्या अंगणात गोठ्याला लागून एक चपटा दगड होता. त्या दगडावर मी उभी होते. वय तेरा. अंगावर शाळेचं पांढरं पोलकं आणि परकर. आणि पोलक्यावर, छातीपाशी, सेफ्टी पिनने टोचलेला एक घागरा.

बाहुलीचा घागरा. वीतभरसुद्धा नव्हता. लाल साटीनचा, ओला. त्याचा रंग माझ्या पोलक्यात उतरत होता.

घरात पाहुणे होते. पाटलांच्या मंजूला बघायला आलेले. जेवण झालं आणि हात धुवायला ते एकेक करून मागे आले. एकाने विचारलं, ही कोण. पाटलीणबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हाई आम्हनी शिंपीन शे. देखा तिन्हं काम."

दुसरा पाहुणा तोंडातली सुपारी गालात सरकवत म्हणाला, "मोठी बाहुली शे. हिले बी काचना कपाटमा ठेवा."

सगळे हसले. तो माणूस वाईट वाटत नव्हता. जाताना त्याने गोठ्यातल्या वासराच्या पाठीवरून हात फिरवला.

मी खाली उतरू शकत होते. मला कोणी बांधलेलं नव्हतं. पिन टोचताना पाटलीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "तुले दाखला जोयजे ना?"

हा दाखला म्हणजे काय, ते आधी सांगते.

सातवी झाली की नंदुरबारच्या हायस्कुलात जायचं, तिथल्या मुलींच्या वसतिगृहात राहायचं, असं गुरुजींनी माझ्यासाठी ठरवलं होतं. आमच्या वस्तीतली एकही मुलगी तोवर चौथीच्या पुढे गेली नव्हती. अर्जासोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे. त्यावर सरपंचांची सही. सरपंच म्हणजे पाटील. सही मिळाली तर नंदुरबार. नाही मिळाली तर पुढच्या हंगामाला कापूस वेचायला, आणि त्याच्या पुढच्या हंगामाला लग्न. तिसरी वाट नव्हती.

आता बाहुल्या.

पाटलांचा थोरला मुलगा अमेरिकेत शिकत होता. त्याने बहिणीला, मंजूला, एक बाहुली पाठवली. आमच्याकडे बाहुली म्हणजे चिंध्यांची, गोल डोक्याची, तान्ह्या बाळासारखी. ही बाहुली बाई होती. तिला कंबर होती, ऊर होता, पापण्यांवर निळा रंग होता. तिच्यासोबत तिची पेटी आली. पेटीत पोहायचे कपडे, पांढरे हातमोजे, चिंचोक्याएवढी पर्स, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे असे उंच टाचांचे बूट. तिचे पाय मुळातच टाचा उचललेले घडवले होते. बूट काढले की ती उभी राहू शकत नसे. लगेच पडे.

पुढच्या वर्षी दुसरी आली, मग तिसरी. मंजूला खेळायला मिळाली नाही एकही. पाटलीणबाईंनी समोरच्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलं आणि तिघींना त्यात ओळीने उभं केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं. तालुक्याचे साहेब आले तरी आधी बाहुल्या, मग चहा.

पण त्यांचे कपडे उघडे होते. पाय मांडीपर्यंत मोकळे. घरात मोठी माणसं, परके पुरुष. पाटलीणबाईंना त्यांच्या अंगावर आपल्याकडचे अंगभर कपडे हवे होते. गावातल्या शिंप्याने हात जोडले. म्हणाला, माझ्या मशीनखाली हे कापड सापडायचंसुद्धा नाही.

माझी माय गोधड्या शिवायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. मायचा टाका इतका बारीक की गोधडीची उलटी बाजू कोणती, सुलटी कोणती, हे ओळखू येत नसे. पाटलांच्या घरच्या सगळ्या गोधड्या तिच्या हातच्या. म्हणून बाहुलीचे कपडे तिच्याकडे आले.

काम कसं चाले ते सांगते. मायला बाहुलीला हात लावायचा नव्हता. आम्ही महारवाड्यातले. माय अंगणात उभी राही. मंजू ओट्यावर बाहुली घेऊन बसे आणि दोरा बाहुलीच्या कमरेभोवती गुंडाळून, तेवढाच तोडून, खाली टाके. मग छातीचा. मग खांद्यापासून पायापर्यंतचा. माय दोरे वेचून गाठी मारी. कमरेच्या दोऱ्याला एक गाठ, छातीच्या दोऱ्याला दोन, उंचीच्या दोऱ्याला तीन. घरी आल्यावर मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काडीला चिंध्या गुंडाळून त्या मापाची बाहुली केली. गाठीचे दोरे लावून लावून अगदी तंतोतंत. तिला तोंड नव्हतं. प्रत्येक कपडा आधी तिच्या अंगावर घालून बघायचा आणि मग पाटलांकडे न्यायचा. काजं आणि हुक माझ्याकडे, कारण माझी बोटं बारीक होती. मोहरीच्या दाण्याएवढ्या काजात हुक घालताना मी श्वास रोखून धरी.

मला हे काम आवडे. हे लपवणार नाही. अमेरिकेच्या बाहुल्या कपाटात उभ्या असत, पण प्रत्येक लुगडं, प्रत्येक चोळी आधी आमच्या काडीची बाहुली नेसलेली असे. हे फक्त मला आणि मायला माहीत होतं.

झालेलं काम गोठ्याजवळच्या त्या चपट्या दगडावर ठेवायचं. आम्ही चार पावलं मागे सरायचं. पाटलीणबाई तांब्याने वरून पाणी घालत, मग कपडे उचलून घरात नेत. गोधड्यांचंही असंच. सुती कापड, पाणी पडलं तर काय बिघडणार. वाळलं की झालं. माय म्हणे, आपली रीत आहे. मीही तसंच मानत होते. दगडावर पाणी पडताना बघायची मला सवय झाली होती.

मग मंजूला बघायला येणार असं ठरलं. पाटलीणबाईंनी सुरतेहून लाल साटीनचे तुकडे मागवले. तिन्ही बाहुल्यांना नवरीचे घागरे हवे होते, वर पांढऱ्या चोळ्या, काठाला जर. मायने कापड हातात घेतलं, कोपरा जिभेने ओला केला आणि बोटावर चोळला. बोट गुलाबी झालं. तिने मला दाखवलं. 

घागरे तयार झाले त्या सकाळी आम्ही दोघी गेलो. पाहुणे यायला एकदोन तासच होते. अंगणात सडा घातलेला, समोर रांगोळी. कपाटातून काढून तिन्ही बाहुल्या ओट्यावर ठेवल्या होत्या, उघड्या, फक्त बुटांवर. त्यांचे डोळे मिटत नसत. तिघी आमच्याकडे बघत होत्या.

मायने घागरे दगडावर ठेवले. मागे सरली. मग म्हणाली, "बाई, हाई कापडले पानी चालाव नही. रंग उतरी जाई."

ती कापडाबद्दल बोलत होती. गोधडी शिवणारी बाई कापडाबद्दलच बोलणार. पण पाटलीणबाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांना वाटलं, ही बाई रीत मोडायला सांगते आहे.

"पानी नको? म्हंजे तसंच घरमा लेवानं?"

 मायच्या लक्षात आलं की आपल्या बोलण्याचा भलताच अर्थ घेतला गेला. त्यावर काही सांगायचं तर तेच पुन्हा सांगावं लागलं असतं. तिने मान खाली घातली. पाटलीणबाईंनी तांब्या भरून घेतला. एक घातला. मग दुसराही भरून आणला आणि तोही घातला, सावकाश, सगळीकडे लागेल असा. एरवी एकच असे.

दगडावरून लाल पाणी वाहिलं. गोठ्याकडे गेलं. पांढऱ्या चोळ्या खाली होत्या, त्या डागाळल्या. जर काळवंडली.

पाटलीणबाईंनी तांब्या खाली ठेवला.  मग मायला म्हणाल्या, तू शेतावर कामाला जा, तुझ्या सोबतच्या बायका खोळंबल्या असतील. पोरीला इथे राहू दे. माय जागची हलली नाही. तेव्हा पाटलीणबाई पुन्हा तेच म्हणाल्या, त्याच आवाजात. माय गेली. जाताना तीनदा वळून बघितलं.

मग त्यांनी एक घागरा पिळला आणि पिन मागवली.

दुपार कलली तेव्हा माय परत आली. मला दगडावर बघितलं. माझ्या पोलक्यावर ताटलीएवढा लाल डाग पडला होता. माय धावत आली नाही. अंगणाच्या कडेला थांबली, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली की चूक तिची आहे, कापड ओळखायला ती चुकली. माझ्या मायने. जिने जिभेने कापड तपासलं होतं, जिने सांगितलं होतं.

पाटील बाहेर आले. ते आवाज चढवणारे नव्हते. पाहुणे अजून आत होते, दारातून बघत होते. पाटील मला म्हणाले, तुझी माय म्हणाली ते ठीक. पण तू शिकलेली. तू म्हण.

"पोर, इतलंच म्हन, चूक आम्हनी शे. मी लगेच सही करी देस."

आत कुठेतरी कपबश्या वाजत होत्या. मी मायकडे बघितलं. ती डोळ्यांनी सांगत होती, म्हण. ओट्यावर पाहुण्यांना जवळून दाखवायला आणलेल्या तिन्ही बाहुल्या होत्या, घाईघाईने जुनी लुगडी नेसवलेल्या. ती लुगडीही आमचीच. मला आठवलं, मायचं गुलाबी झालेलं बोट. बस. एवढंच आठवलं. कोणतंही धड्यातलं वाक्य नाही.

मी पिन काढली. घागरा दगडावर ठेवला. खाली उतरले. आणि म्हणाले,

"चूक आम्हनी नही शे. पानी तुम्हनं व्हतं."

 पाटलांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, जणू मला पहिल्यांदाच बघत होते. मग ते किंचित हसले.

"हाई बरं सांगं तू. पानी आम्हनं शे. ध्यानमा ठेव."

घरी आल्यावर मायने मला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं. मग माझं पोलकं धुवायला घेतलं. डाग निघाला नाही. मग तिने पऱ्हाटीची बाहुली उचलली आणि चुलीत घातली. तिच्यावर भाकरी भाजली. म्हणाली, आता त्या घरासाठी सुई धरायची नाही. गाठींचे दोरे मी राखेत जाऊ दिले नाहीत, आधीच काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या बोलण्याचा अर्थ कळला.

आमची वस्ती पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी भरी. भरी म्हणजे आम्ही विहिरीला हात लावत नव्हतो. बायका हंडे घेऊन खाली थांबत, गडी वरून दोर सोडून पाणी काढी आणि हंड्यांत ओती. त्या सकाळी गडी आला नाही. दोर आणि पोहरा काढून नेलेले. बायका ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबल्या. दुसऱ्या दिवशीही. पाणी दिसत होतं. वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसे.

कोणी बंदी केली, असं कोणी म्हणालं नाही. पाटील रस्त्यात भेटले की रामराम घेत.

तापी लांब होती. उन्हाळ्यात पात्र आटलेलं, वाळूत झिरे खणायचे, वाटीवाटीने पाणी उपसायचं आणि परत यायचं. एका खेपेला अर्धा दिवस. म्हाताऱ्या, गरोदर बायका, सगळ्या चालू लागल्या. मायला कोणी शिवी दिली नाही. पण वाटेत एक चुलती माझ्याजवळून जाताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुन्हा दोन शब्द, आम्हना दोन कोस."

ते वाक्य मी अजून अंगावर वागवते आहे. ती खोटं बोलली नव्हती.

चौथ्या दिवशी महाले गुरुजी वस्तीत आले. आमच्या दारात येऊन बसले, मायने टाकलेल्या गोधडीवर. शाळेत ते पुस्तकी बोलत, इथेही तसंच बोलले. म्हणाले, कायदा झाला आहे, पण कायद्याचा माणूस इथून फार दूर बसतो. वस्तीला त्रास होतो आहे. तुझं वर्ष जाईल.

"बेटा, दोनच शब्द आहेत. चूक झाली. म्हणून टाक."

मी विचारलं, "गुरुजी, झाली का?"

ते जमिनीकडे बघत राहिले.  मग त्यांनी पाणी मागितलं. माय घाबरली. तिने तांब्या दिला, नदीचं पाणी, गढूळ. गुरुजी तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले. तळाला वाळू उरली होती, ती त्यांनी बाहेर झटकली. आणि गेले.

दोन दिवसांनी त्यांनी माझा अर्ज पाठवला. सरपंचाच्या सहीच्या जागी हेडमास्तरांची सही, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, की या मुलीच्या वर्तणुकीची हमी मी स्वतः घेतो. वसतिगृहाने ते चालवून घेतलं. मी नंदुरबारला गेले. सहा महिन्यांत गुरुजींची बदली झाली, दूर नवापूर भागात, खांडबाऱ्याला. मला वाटलं, बदल्या होतच असतात. ती कोणी करवली, हे मायने मला मी कॉलेजात असताना सांगितलं. गुरुजींनी कधीच सांगितलं नाही.

विहिरीचं काय झालं तेही सांगायला हवं. पाटलांच्या केळीचे घड कापणीला आले. ट्रक येऊन उभे राहिले. वस्तीतून कोणी कामाला गेलं नाही. संप वगैरे काही नव्हता. सगळ्यांचा दिवस पाण्यातच जात होता, कामाला वेळच उरला नव्हता. एका सकाळी दोर आणि पोहरा परत लागले. गडी आला आणि वरून पाणी ओतू लागला. जसं काही झालंच नव्हतं. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. बायका पुन्हा खाली उभ्या राहिल्या.

मधे इतकी वर्षं गेली.  मी बी.ए. झाले, शहरात नोकरीला लागले. आता गुरुजींचं कार्ड आलं आहे. ते निवृत्त होऊन खांडबाऱ्यालाच राहिले, स्टेशनाजवळ. त्यांनी लिहिलंय की गावच्या शाळेत माझा सत्कार ठरला आहे. गावातली पहिली पदवीधर मुलगी म्हणून. अध्यक्ष पाटील. पाटलीणबाई स्वतःच्या हाताने साडी देणार आहेत. पाटलांनी आपणहून गुरुजींनाही बोलावलं आहे. गुरुजींना त्याचा फार आनंद झालेला दिसतो. शेवटी लिहिलंय, जुनं मनात ठेवू नकोस बेटा, ये.

मी मायला विचारायला गावी जाऊन आले. एकच गोष्ट विचारली, विहिरीवर पाणी कोण काढतं. माय म्हणाली, कोण काढणार, गडी.

त्यानंतर गुरुजींना जे पत्र पाठवलं, ते हे.

"पूज्य गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही बोलावलंत आणि मी आले नाही, असं कधी होणार नाही. मी येते.

पण काही लिहायचं राहिलं आहे. त्या दिवशी तुम्ही मला दोन शब्द म्हणायला सांगितलेत. मी म्हटले नाहीत. माझ्यामुळे तुमची बदली झाली, घर सुटलं, आणि तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. त्याची फेड माझ्याकडे नाही. मी तुमची माफी मागते, त्यांची नाही. तुम्ही वाळूचं पाणी प्यायलात, ते मी विसरलेले नाही.

साडी मी घेणार नाही. त्यांच्या हातून काही अंगावर घालायची माझी एक वेळ होऊन गेली आहे.

सत्काराच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने उतरेन आणि आधी शाळेत येणार नाही. मायला घेऊन पाटलांच्या विहिरीवर जाईन. माझ्या हाताने पाणी काढीन, मायचा हंडा भरीन, मग तिला म्हणेन, आता तू काढ. वस्तीतल्या बायकांना मी सांगून आले आहे. किती येतील ठाऊक नाही. चुलती म्हणाली, पुन्हा दोन कोस चालावं लागलं तर? मी म्हणाले, लागेल कदाचित, या वेळी मी तुमच्यासोबत चालेन, नोकरी सोडावी लागली तरी चालेन. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

पाणी भरून झाल्यावर भिजल्या कपड्यांनी आम्ही शाळेत येऊ. त्यानंतरही ज्यांना हार घालायचा असेल, त्यांनी घालावा.

गुरुजी, त्या दिवशी काही घडलं तर त्याचा दोष तुमच्यावर येऊ नये. म्हणून तुम्ही यावं, असं मी म्हणत नाही. येऊ नये, असंही म्हणत नाही. पण आलात तर मला दोन शब्द म्हणायला सांगू नका. मी तुम्हाला पुन्हा तोच प्रश्न विचारीन.

ते दोर लपवतील, हे मला माहीत आहे. दोर मी इथून घेऊन निघते आहे.

आपली विद्यार्थिनी"